ओटिलियाचे तीन हिवाळे

कळंबच्या बंगल्यात राजघराण्यातली पोर राहायला आलीय, ही बातमी गावभर झाली तेव्हा रूपा त्या पोरीच्या डोक्याला शांपू चोळत होती आणि पोर डोळे झोंबले म्हणून किंचाळत होती.

राज्य म्हणायला काही उरलं नव्हतं. पोरीच्या पणजोबांचं युरोपात कुठेतरी लहानसं राज्य होतं, ते जाऊन शंभर वर्षं झाली. महाल सरकारजमा झाले, पदव्या तेवढ्या घराण्यात राहिल्या. बाप मुंबईत परदेशी बँकेत नोकरीला होता. पोरीचं नाव ओटिलिया. जन्मापासून तिच्या फुप्फुसांत चिकट कफ साठायचा. हिवाळ्यात मुंबईची हवा तिला सोसत नसे, म्हणून दिवाळी सरली की मायलेकी कळंबला यायच्या, त्या होळीपर्यंत. पहिल्या खेपेला पोर सात वर्षांची होती.

रूपा बौद्धवस्तीतली. बंगल्यातला स्वयंपाक आणि झाडलोट तिच्याकडे होती. कर्जतहून येणारी नर्स महिन्याभरात काम सोडून गेली, पण जाताना रूपाला शिकवून गेली. पोरीला उशीवर पालथं घालायचं, तळहाताची वाटी करायची आणि कफ सुटेपर्यंत पाठीवर थापत राहायचं. तांदळाची भाकरी थापून रूपाचा हात तयारच होता.

रोज सकाळी अर्धा तास थापणं चाले आणि त्या अर्ध्या तासात पोर मराठी शिकली, तीही वस्तीतली. दुसऱ्या हिवाळ्यात "मी नाय जेवणार, पोट भरलंय माजं," असं ती ठसक्यात सांगू लागली. कफ सुटला नाही तर म्हणायची, "आज भाकरी कच्ची राहिली गं रूपाताई." गावातली इंदूबाई एकदा मुद्दाम कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिला दिसली ती चड्डी घातलेली, नाक वाहणारी, चिंच चोखत बसलेली पोर. इंदूबाई हिरमुसून परत गेली. रूपाची सासू चंद्राबाई हिला एवढं लांबलचक नाव जमेना. तिने तिचं "ओटी" करून टाकलं.

तिसऱ्या हिवाळ्यात ओटिलिया आली ती नाकात ऑक्सिजनची नळी घालूनच. या आजारावर नवं औषध निघालं होतं, पण तिला ते लागू पडलं नाही. खांदे हाडकुळे झाले होते. रूपा आता हलक्या हाताने थापायची.

एके दिवशी उशीत तोंड खुपसूनच पोरीने विचारलं, "रूपाताई, मी मोठी होणार नाय ना?"

रूपाचा हात थांबला. "आईला विचार, बाय."

"आई म्हणते होशील. बाबा म्हणतात होशील. डॉक्टर नुसते हसतात. तू सांग."

एक थाप मारली असती तर वेळ निभली असती. पण रूपाला ती मारवली नाही.

"मला ठाऊक नाय गं. पण डॉक्टरांना भीती वाटते. तुज्या आईला वाटते. मलाबी वाटते."

पोरीने उशीतून तोंड बाहेर काढलं. मग म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच घाबरते." आणि थोड्या वेळाने, "थांबलीस का? थाप ना."

दुपारी जेवताना तिने हे सगळं आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मोडक्या हिंदीत ती एवढंच म्हणाली, "कल से मत आना."

रूपा आपला डबा उचलून घरी आली आणि चुलीपाशी बसून रडली.

"खरं बोललीस ना? मग रडतेस कशाला?" चंद्राबाईने विचारलं.

"खरं होतं, आत्याबाई. पण ते सांगायचं तिच्या आईनं. मी कोण?"

पाचव्या दिवशी दुपारी अंगणात वालाच्या शेंगा सोलत असताना रूपाला वस्तीच्या वाटेवर ओटिलियाची आई दिसली. गाडी नव्हती. चालत आली होती, बूट धुळीने भरले होते. रूपाची लेक हर्षला कॉलेजातून आली होती. बाई इंग्रजीत बोलू लागली आणि हर्षला एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

"चार दिवस ती माझ्याशी बोलतेय. तिला कुठे पुरणार, तिची पुस्तकं कोणाला देणार, मी रडेन का... सगळं विचारते. आधीही विचारायची. मी दुसरंच काहीतरी बोलून टाळायचे." मग तिने रूपाकडे पाहिलं. "माझा राग अजून गेलेला नाही."

"नका जाऊ देऊ," रूपा म्हणाली. "तुमाला आधी विचारायला पायजे होतं मी. चुकलंच माजं."

बाईने मान हलवली. मग आपले दोन्ही हात पुढे केले. "मला शिकवा. इतकी वर्षं दुसऱ्यांनीच तिची पाठ थापली. ती मोडेल, अशी भीती वाटायची मला."

रूपाने तिच्या तळहाताची वाटी करून दाखवली आणि स्वतः पाठ करून बसली. पहिल्या चारदोन थापा तिला लागल्यासुद्धा नाहीत.

"जोरात, बाई. मोडत नाय मानूस."

दुसऱ्या दिवसापासून दोघी मिळून थापू लागल्या. एक दमली की दुसरी. ओटिलिया मधूनच ओरडायची, "आईची भाकरी जाड हाय!" होळीच्या आदल्या दिवशी ती मुंबईला परत निघाली. गाडीत बसताना तिने रूपाचा हात धरून ठेवला तो ड्रायव्हरने गाडी सुरू केल्यावरच सोडला.

सप्टेंबरात हर्षलाच्या मोबाइलवर निरोप आला. मायदेशी नेलेली ओटिलिया तिथल्या आपल्या खोलीत वारली. नऊ वर्षांची होती. त्या सकाळीही आईने तिची पाठ थापली होती. रूपाने रविवारी विहारात तिच्या नावाने मेणबत्ती लावली आणि वंदना संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

डिसेंबरात बाई एकटीच आली. बंगला दुसऱ्या कोणी घेतला होता, म्हणून टॅक्सी थेट वस्तीत आली. रूपाने भाकरी आणि वालाची भाजी वाढली. बाई दोन भाकऱ्या जेवली, पाणी प्यायली आणि भिंतीला टेकल्याटेकल्याच तिचे डोळे मिटले. चंद्राबाईने हळूच तिच्या मानेखाली गोधडीची घडी सरकवली.

शेजारची किरण दारातून डोकावली. "कोन गं ही?"

"हळू बोल," रूपा म्हणाली. "लय दिसांनी झोपलीय."