ऑनर्सच्या दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक बाक आहे, जुना आहे, आणि सध्या चिडलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवं व्हावं, अशी रीत आहे. मीही होईन, नाही असं नाही. पण आधी मला थोडं भांडून घेऊ द्या.

ओहायो नदीच्या काठी एका लहानशा गावात एक कम्युनिटी कॉलेज आहे. दोन वर्षांचं. ज्याला शिकायचं आहे त्याला ते आत घेतं, मग तो अठराचा असो की साठीचा. तिथेच, सुतारकामाच्या वर्गात माझा जन्म झाला. कॉलेजच्या व्यायामशाळेची जुनी ओकची जमीन उखडली होती. ती लाकडं फेकून देणं सुतारकाम शिकवणाऱ्या स्कॅग्ज मास्तरांच्या जिवावर आलं. त्यांनी पोरांकडून माझ्या फळ्या घासून घेतल्या. बास्केटबॉलच्या मैदानाची एक लाल रेघ अजूनही माझ्या बैठकीवरून आडवी गेलेली दिसते. "कुणीही बसलं, कितीही वजनाचं बसलं, तरी हा करकरता कामा नये," असं मास्तर म्हणायचे. मी आजवर करकरलो नाही.

मला बनवलं होतं ते ऑनर्सच्या खोलीसाठी. कॉलेजातल्या हुशार विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या मजल्यावर एक खास वर्ग सुरू झाला होता. गोल टेबलाभोवती बसायचं, पुस्तकं वाचून वाद घालायचे, बाईंनाही खोडून काढायचं. असे सत्रभराचे चार वर्ग जो पुरे करील त्याला पदवीच्या दिवशी गळ्यात घालायला सोनेरी दोरी मिळते. दोरीचं कौतुक सोडा, खरी गोष्ट वेगळीच आहे. राज्याचं मोठं विद्यापीठ त्या मुलाला थेट तिसऱ्या वर्षात घेतं आणि शिकण्याचा बहुतेक भार स्वतः उचलतं. इथल्या घरांतून ही लहान गोष्ट नव्हे.

तर त्या खोलीत खिडकीखाली मी शोभणार होतो. पोरांनी खिडकी मापली, भिंत मापली, दार मात्र मापलं नाही. मी दारातून आत जाईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला. शेवटी मला दाराबाहेरच, हीटरच्या शेजारी ठेवलं. "तात्पुरता राहू दे," असं ठरलं. त्या तात्पुरत्याला आता वीस वर्षं होत आली.

पहिल्या दिवशी माझा फोटो काढला, पाठीवरून हात फिरवले. पुढे माझ्या पोटाखाली च्युइंगम चिकटू लागला. चालायचंच. जो आत जायची वाट बघतो तो माझ्यावर बसतो, आणि ज्याला आत जायचंच नाही तोही बसतो. दोघांतला फरक मला वजनावरून कळतो. पहिला काठावर बसतो, दुसरा पाठ टेकून.

वांडा स्टिल्टनर पाठ टेकून बसायची.

सेहेचाळिशीची बाई. गावातला दिव्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिचं काम गेलं आणि ती हिशेबतपासणी शिकायला कॉलेजात आली. तिच्या दोन तासांच्या मधे एक मोकळा तास असायचा. हीटर जवळ म्हणून ती माझ्याकडे यायची. उजव्या टोकाला कॉफीचा थर्मास ठेवायची, पीनट बटर लावलेलं सँडविच उघडायची. त्या थर्मासच्या बुडाची वर्तुळं अजून माझ्या लाकडावर आहेत. परीक्षेचा पेपर परत मिळाला की ती मार्क बघायची, घडी घालायची आणि डब्याच्या पिशवीत टाकायची. प्रत्येक पेपरवर 'ए' असायचा. मी खाली, पेपर वर. मला दिसल्याशिवाय कसं राहील?

आणि पाठीमागे, एका काचेच्या दारापलीकडे, असे 'ए' मिळवणाऱ्यांसाठीच मांडलेलं टेबल होतं! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. एक-दोन दिवस नाही, दीड वर्ष मी हे बघत होतो.

कॉलेज तिला बोलावत नव्हतं असं नाही. दर सत्राला तिला पत्र यायचं. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, 'आपली खास निवड झाली आहे'. एकदा तिने माझ्यावर बसूनच ते उघडलं आणि बहिणीला फोन लावला.

"डार्लीन, आलं बघ आणखी एक. म्हणे माझी खास निवड झालीय."

पलीकडून डार्लीन काहीतरी बोलली.

"हो ना! मागे जहाजाची सफर लागली होती तेव्हाही माझी खास निवडच झाली होती. आधी नाव-पत्ता भरा, मग कार्डाचा नंबर द्या. मी काय दूधखुळी आहे?" असं म्हणून तिने ते पत्र शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

तिचं काय चुकलं? सोनेरी अक्षरांनी या गावाला आजवर फसवलंच आहे. चूक आतल्यांची. आपलं आमंत्रण कुणाला फसवणूक वाटेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ऑनर्सचा वर्ग चालवणाऱ्या प्रुइट बाई मनाने सोन्यासारख्या, पण रोज माझ्यावरून नजर फिरवत जायच्या. वांडाला "गुड मॉर्निंग" म्हणायच्या. पुढचं एक वाक्य त्यांना कधी सुचलं नाही.

केझाया मॅडॉक्सला तर तेवढंही सुचायचं नाही. वीस वर्षांची मुलगी, संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात काम करायची, दिवसा धावत जिना चढायची. बुटाची नाडी बांधायला माझ्यावर पाय ठेवायची आणि वांडाला म्हणायची, "बॅग जरा सरकवता?" वांडा सरकवायची. दोघींचं एवढंच बोलणं. केझायाचे तीन वर्ग झाले होते, चौथा राहिला होता. तो झाला की विद्यापीठात तिची जागा पक्की होती. नाही झाला, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

आणि त्या जानेवारीत चौथा वर्ग भरेना. नियम असा की ऑनर्सच्या वर्गात निदान बारा जण हवेत. पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी बाराला मोजदाद होते, कमी पडले तर वर्ग रद्द. त्या शुक्रवारी सकाळी अकरा जण होते. डीन हॉलेनबेक साहेब स्वतः वर आले आणि माझ्यासमोर प्रुइट बाईंची आणि त्यांची जुंपली.

"अकरा आणि बारा यात असा काय फरक आहे हो?" बाई म्हणाल्या.

"एकाचा," साहेब म्हणाले.

"एकासाठी तुम्ही अकरांचं वाटोळं करणार?"

"मी नाही करत बाई, नियम करतो. उद्या वेल्डिंगवाले येतील, म्हणतील त्यांना सूट दिली, आम्हाला का नाही? त्यांना मी काय तोंड दाखवू?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "बारापर्यंत आणा एक. कुणीही चालेल. मार्क तेवढे हवेत."

केझायाने फोनवर फोन लावले. शेवटचा तिच्या चुलतभावाला.

"ट्रेंट, तुझे मार्क कसे आहेत रे?... नाही, खरे सांग... बरं, ठेव."

मग ती धपकन माझ्यावर बसली आणि रडायला लागली. वांडा शेजारीच होती. तिने सँडविच अर्धं तोडलं आणि पुढे केलं.

"खा आधी. रिकाम्या पोटी रडू नये, डोकं दुखतं."

"एक माणूस कमी पडतोय हो," केझाया नाक पुसत म्हणाली. "फक्त एक! सगळ्या कॉलेजात एक माणूस मिळू नये?"

"पण कसला माणूस हवाय?"

"चांगल्या मार्कांचा. या वेळी मोकळा असलेला."

वांडा थर्मासचं झाकण फिरवू लागली. मी लाकडाचा नसतो तर तिला चिमटा काढला असता. तेवढ्यात केझायाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने मान वळवून त्या बाईकडे बघितलं, कदाचित पहिल्यांदाच.

"अहो, तुम्ही रोज या वेळी इथेच असता ना? तुमचे मार्क कसे आहेत?"

"माझे? ए आहेत."

"कशात?"

"सगळ्यात. म्हणजे, खेळाच्या तासाला बोलिंगमध्ये बी मिळाला. चेंडू माझं ऐकतच नव्हता."

केझाया उठून उभी राहिली. "बाई! ओ बाई! बाहेर या!"

प्रुइट बाई आल्या, नाव ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "वांडा स्टिल्टनर! अहो, आम्ही तुम्हाला तीन पत्रं पाठवली!"

"ती तुमची होती?" वांडा म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी गंडवतंय."

मग तिला आत न्यायची धडपड सुरू झाली, आणि ती काही उठेना. माझा हात घट्ट धरून बसली.

"नको गं बाई. त्या खोलीत हुशार माणसं बसतात."

"मी बसते तिथे. मी हुशार दिसते?" केझाया म्हणाली.

"दिसत नाहीस," वांडा म्हणाली, "पण मघापासून बोलतेस तशी."

"वांडा, प्लीज. तुम्ही आला नाहीत तर माझं सगळं इथेच संपतं. पुन्हा पिझ्झाचं दुकान, जन्मभर."

वांडाने त्या मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग थर्मास उचलला. "तसंही बसून तर राहायचंच आहे. इथे काय अन् तिथे काय."

बाराला पाच मिनिटं असताना ती आत गेली. दार लागलं आणि मी रिकामा झालो. इतका आनंद मला पहिल्या दिवशीच्या फोटोच्या वेळीही झाला नव्हता.

सुरुवातीचे काही आठवडे आतून तिचा आवाज येत नव्हता. मग एके दिवशी आला, आणि चांगलाच आला. कारखाने का बंद पडतात यावर काहीतरी वाचलं होतं. केझाया म्हणत होती, कामगारांनी आधीच गाव सोडायला हवं होतं. वांडाने विचारलं, "आणि आईला कुठे ठेवायचं? पाकिटात?" केझाया मागे हटली नाही, वांडाही नाही. तास संपला तरी दोघी भांडत बाहेर आल्या आणि माझ्यावर बसून पुढे भांडू लागल्या. पुढच्या शुक्रवारी वांडाने घरून बटाट्याचं आणि चीजचं भाजलेलं कॅसरोल आणलं, सगळ्यांसाठी. केझायाने दोनदा घेतलं आणि तरीही आपलं म्हणणं सोडलं नाही.

मे महिन्यात पदवीचा दिवस आला. काळे झगे घालून सगळे याच कॉरिडॉरमध्ये रांगेत उभे होते. प्रुइट बाई सोनेरी दोऱ्या वाटत आल्या. केझायाच्या गळ्यात घातली. वांडापाशी त्या थांबल्या, त्यांचे हात रिकामे होते.

"चार वर्ग लागतात, वांडा. तुमचा एकच झाला. मी वरपर्यंत विचारलं हो."

"माहीत आहे मला," वांडा म्हणाली. तिचा हिशेबाचा अभ्यासक्रम संपला होता. आणखी तीन वर्गांसाठी थांबायचं म्हणजे हॉस्पिटलच्या बिलांच्या खात्यात मिळालेली नोकरी सोडायची. विद्यापीठाचं नाव तिने काढलं नाही. ती माझ्यावर येऊन बसली, झगा आवरला आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पण मी इथेच होते ना हो. दीड वर्ष या दाराबाहेर बसून सँडविच खात होते. एकदा दार उघडून 'आत या' म्हणाला असतात तर?"

"पत्रं पाठवली होती..." बाई म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आल्यावर माणूस थांबतो तशा.

केझायाने दोरी गळ्यातून काढली आणि वांडापुढे धरली.

"वेडी आहेस का? घाल ती," वांडा म्हणाली. उठून तिने स्वतःच ती मुलीच्या गळ्यात घातली आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली. "वाकडी झाली होती. फोटोत वाईट दिसली असती."

केझाया विद्यापीठात गेली. आत भिंतीवर दोरी मिळवणाऱ्यांची पितळी पाटी आहे, तिच्यावर तिचं नाव आहे. वांडाचं नाव कुठेही नाही. माझ्या उजव्या टोकाला थर्मासची वर्तुळं आहेत तेवढी.

मला वाटलं होतं, आता तरी हे लोक शहाणे होतील. आणि काय सांगू मित्रांनो, खरंच सभा भरली. बराच विचार झाला. यंदा पत्रांवरची सोनेरी अक्षरं मोठी केली आहेत.

आज पुन्हा जानेवारी आहे. आत अकरा जण आहेत आणि प्रुइट बाई चिंतेत आहेत. माझ्यावर वेल्डिंगच्या वर्गातला एक माणूस बसलाय. हातांवर भाजल्याच्या खुणा, मांडीवर गणिताचं जाडजूड पुस्तक, आणि बसलाय पाठ टेकून. त्याने एकदा काचेतून आत बघितलं आणि कुणी बघत नाही ना, याची खात्री करून मान खाली घातली.

मित्रांनो, वस्तू सहसा विनवतात, की आमची काळजी घ्या, आम्हाला पुसा, जपा. मला पुसू नका. च्युइंगमही राहू द्या. मला ज्या खोलीसाठी घडवलं तिथे मी कधी गेलो नाही, कारण मी दारातून मावत नाही. पण हा माणूस मावतो. कुणीतरी उठा, दार उघडा, त्याला नावाने हाक मारा आणि मला रिकामं करा.