टाचांवरची उंची

मोजपट्टी मिटतानाचा तो सपकन आवाज आला, की केतकी घरात आहे असं समजायचं. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हाची तिरीप जशी कुणाला न विचारता उंबऱ्यावरून आत येते आणि कोपऱ्यातली धूळ उजळून दाखवते, तशी ही माझी सून. बोलणं मोजकं, दृष्टी मात्र दूरवर पोहोचणारी. चाकणच्या कंपनीत कामगारांना फार वाकावं लागू नये म्हणून यंत्रांच्या उंच्या ठरवणं हे तिचं काम. श्रावणात मी न्हाणीघरात घसरून मनगट मोडून घेतलं, तेव्हापासून तिची ती शांत, तोलणारी नजर माझ्या आकुर्डीच्या घरावर स्थिरावली होती.

मंदारचा, माझ्या मुलाचा, निर्णय झालाच होता: आईने मोशीला आमच्या अकराव्या मजल्यावर यायचं. केतकीने माझ्यासाठी एक रविवार मागून घेतला. तोवर याच घरात थोडे बदल करून पाहू, ती म्हणाली. त्या दिवशी आईंनी एकट्यांनी स्नान केलं तर त्या इथेच राहतील, नाहीतर सामान बांधू.

"न्हाणीत दवाखान्यासारख्या धरायच्या दांड्या लावणार असशील, तर मी आत्ताच येते मोशीला!"

"पितळी लावते, आई. आता सरळ उभ्या राहा बघू."

आणि नेमकी तेव्हा ती जागी झाली, माझ्यातली जुनी शिष्ट पोरगी! पाहुणे बघायला आले असताना निऱ्यांआड टाचा उचलून शेवग्याच्या शेंगेसारखी ताठ उभी राहिलेली, आणि मग आठवडाभर पोटऱ्या चोळत बसलेली ती अक्कलशून्य सुंदरी. तिने मला पुन्हा टाचांवर चढवलं. केतकीने निमूट माप घेतलं.

घर देखणं झालं. पावलाला धरून ठेवणारी ढगाळ रंगाची फरशी आली, पाय टेकताच पलंगाखाली मंद उजळणारा दिवा आला. न्हाणीचं दार तेवढं रविवारपर्यंत बंद होतं. दांडी त्या खोट्या उंचीवर बसली असणार, आणि खरं सांगायला जीभ रेटत नव्हती.

रविवारी चष्मा बाहेर राहिला. वाफेत पितळेची नुसती पिवळसर रेघ तरंगत होती. बाहेर मंदारच्या येरझाऱ्या.

"आई, बोलत राहा हं!"

"काय बोलू? मंगलाष्टकं म्हणू?"

साबण डोळ्यांत गेला, तोल कलला. मी हात उंच फेकला, त्या पोरीच्या उंचीवर. तिथे नुसती ओली भिंत. हात घसरत खाली आला, आणि मुठीत गार पितळ आलं.

डोळे धुऊन मी जवळून पाहिलं. भिंत तिने जुनीच ठेवली होती. श्रावणापासून कुणाच्या नकळत मी जिथे तळवा टेकत आले, तिथला तेलकट, काळपट डाग दांडीच्या बरोबर मागे होता.

"चुकलं तुझं माप," बाहेर येऊन मी म्हणाले.

"टाचा वजा केल्या, आई."

मंदारने माझी रिकामी बॅग पुन्हा माळ्यावर सरकवली.

आता रोज सकाळी पितळेवर ऊन येतं, आणि त्याच्या चार बोटं वर, जिथे माझा हात आता जात नाही, तिथे एक मुलगी अजून टाचांवर उभी असते. काळाने तिला खाली उतरवलं नाही, फक्त मला तिच्यातून अलगद उतरवून घेतलं.