वहीचं पूजन

माझा बाप ग्यानबा निजामाच्या राज्यात जंगल खात्यात चौकीदार व्हता. पगार झाडं राखायचा घ्यायचा अन् दिवसभर पाखरांची चित्रं काढायचा. चित्राखाली पाखरू कुठं दिसलं, काय खाल्लं, अंडी किती, समदं लिहायचा. आमच्या गोरेगावात त्याला येडा ग्यानबा म्हणत. मरून पन्नास वर्षं झाली अन् आता तो 'पक्षिमहर्षी' झालाय. जित्यापणी कुत्रं इचारत न्हाई, मेल्यावर जयंती!

त्याची वही मी लुगड्यात गुंडाळून संदुकीत जपली. नांदेडच्या कॉलेजातली पल्लवी मॅडम येऊन बघून गेली. म्हणाली, मावशी, ह्यातला माळढोक आता इकडं उरला न्हाई. मंगळवारी मशीन आणते, पानं उतरून घेते, बाबांच्या नावानं पुस्तक काढू. मला तेवढंच पायजे व्हतं.

सोमवारी जयंती. समितीचे अध्यक्ष माणिकराव. बापाचा फोटो कोणीच काढलेला न्हाई, म्हणून ब्यानरवर माणिकरावांनी सोताचाच छापला. पण पूजन कशाचं करायचं? त्यांनी वही मागितली, दोन घंट्यांत परत देतो म्हणाले. मी दिली. मीच येडी.

चहाचं बघायला आत गेले, परत येते तर वही चौरंगावर अन् पाहुण्यांची रांग. आपल्यात नुसते हात जोडून कोणाचं भागतं? प्रत्येकानं पाणी शिंपडायचं, हळद-कुंकू वाहायचं, फूल ठेवायचं. एकाच पानावर समद्यांना उरकलं तर कोणाचा तरी मान कमी व्हायचा, म्हणून माणिकराव पान उलटून हरेकाला येगळं पाखरू देऊन राहिले व्हते. माळढोक सभापतींना. मोठा पाहुणा, मोठं पाखरू. त्यावर नारळाचं पाणी बी पडलं.

बापाचे रंग पाण्यातले. मी वरडेपर्यंत शेवटचं पान झालं व्हतं.

मंगळवारी मॅडमनं एक एक पान उलटून बघितलं. लाल-पिवळा चिखल नुसता. तिनं मशीन पिशवीतून काढलंच न्हाई. मला म्हणाली, मावशी, तुमी जेवलात का?

सांजच्याला माणिकराव आले. "आक्का, काहून येवढं मनाला लावून घेता? नवी वही आणू. आमची नात आरोही चित्रात पहिली येती, ती काढंल समदी पाखरं."

"काढंल की," मी म्हणाले. "पण माणिकराव, माळढोक बघायला तिला कुठं नेता?"

ते मोबाईल काढून माळढोकाचा फोटो शोधाय लागले. दोन दिवस धरून ठेवलेलं रडू मला तवा आलं.