कोरड्या फळीचं गणित

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. अकरावीला व्यंकट सर उताराची गणितं घ्यायला लागले तेव्हाही आला होता. उतारावर ठोकळा, ठोकळ्याला दोरी, घर्षण इतकं दिलंय, बल काढा. मी विचारलं, "सर, हा ठोकळा ओढतंय कोण? आणि कशाला?" सगळा वर्ग खिदळला. सर म्हणाले, "शिवरंजनी, तू आधी बाण काढ. कोण ओढतंय ते मग बघू."

बाण म्हणजे बलांचे. वजनाचा सरळ खाली, फळीच्या रेट्याचा फळीला काटकोनात, दोरीच्या ताणाचा वरच्या बाजूला. हे तिन्ही मला जमायचे. घर्षणाचा बाण मात्र दरवेळी चुकायचा. एका गणितात तो खाली, दुसऱ्यात वर, म्हणजे काय मेलं! मग एकदा तुळजापूरहून गावाकडं येताना एसटीत उभ्या उभ्याच डोक्यात उजेड पडला. ठोकळा वर ओढला तर घर्षण त्याला अडवतं, आणि ठोकळा खाली घसरायला बघत असला तर तेच घर्षण त्याला धरून ठेवतं. अडवणारं तेच आणि सांभाळणारंही तेच. मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं, पण ती झोपली होती.

त्याच हिवाळ्यात आमच्या गावात नवा नंदी आला. महादेवाच्या देवळातला जुना नंदी मानेपाशी तडकला होता. आमच्या सगळ्या घराचे अज्जा, म्हणजे माझ्या पप्पांचे वडील बंडप्पा, आदल्या वर्षी सोलापूरच्या दवाखान्यात महिनाभर पडून होते. तेव्हा ते मनात नवस बोलले होते, जिता घरी आलो तर नवा नंदी बसवीन. जिते आले, आणि काळ्या दगडाचा, आमच्या म्हशीपेक्षाही जड असा नंदी घडवून घेतला.

आमच्याकडं नंदीला क्रेन लावत नाहीत. चौथऱ्यापर्यंत फळ्यांचा उतार बांधायचा, नंदीला लाकडी चौकटीवर ठेवायचं आणि गावानं दोर लावून हातानं वर ओढायचं. ज्यानं नंदी दिला त्यानं मागून चालायचं, दोन्ही हात नंदीच्या पाठीवर ठेवून. जागेवर बसेपर्यंत हात काढायचा नाही.

यावरून घरात रोज भांडण. पप्पा म्हणायचे, "अज्जा, दोर सुटला तर? नंदी सरळ तुमच्या अंगावर येईल. मी चालतो मागं." अज्जा म्हणायचे, "बोललो म्या का तू? म्याच चालणार." कुणी कुणाचं ऐकेना. जेवताना दोघं एकमेकांकडं पाठ करून बसायचे. मला अज्जांची काळजी वाटायची, आणि पप्पांचीही कीव यायची.

शेवटी मी म्हटलं, थांबा, हे तर माझंच गणित आहे. उतार बांधत होते ते लिंबाजी सुतार. त्यांच्याकडून त्याच लाकडाची एक फळी आणि चौकटीचा एक तुकडा मागून घेतला. तुकडा फळीवर ठेवला आणि फळी एका बाजूनं हळूहळू उचलत गेले. बरीच उभी झाली तेव्हा कुठं तो घसरला. पुन्हा केलं, पुन्हा केलं, तेच. लिंबाजीमामांचा उतार त्याच्या निम्म्यानंही उभा नव्हता. म्हणजे सगळ्या गावानं दोर सोडून दिला तरी नंदी आहे तिथंच थांबणार, घर्षणच त्याला धरून ठेवणार. सरांना दाखवलं. त्यांनी बाण तपासले आणि म्हणाले, "बरोबर आहे. छान!"

घरी येऊन सांगितलं, तसा पप्पांनी हट्ट सोडला. अज्जांनी मात्र गावभर डांगोरा पिटला. पारावर म्हणे, "आमची रंजी म्हणती, दमला तर दोर सोडा, नंदी मागं येत न्हाय." मी गल्लीतनं चालले की माणसं कौतुकानं बघायची. खोटं कशाला बोलू, मी लई ऐटीत होते.

नंदी चढवायच्या दिवशी हलगी कडाडत होती. चौथऱ्यावर दोर धरून गडी उभारले, खाली नंदीच्या पाठीवर हात ठेवून अज्जा. पांढरंधोट धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. पहिला हिसका बसला, नंदी करकरत हलला. गडी घामाघूम. माझं गणितही तेच सांगत होतं, वर ओढताना जोर लागणारच.

मग चुलत आत्या शांताक्का पुढं झाल्या आणि त्यांच्या मागं गावातल्या बायका. प्रत्येक घरची तेलाची वाटी. देव वाटेनं निघाला की त्याच्या पुढ्यात तेल ओतायचं, ही आमची रीत. दर जत्रेला बघत आलेय मी. माझ्याही हातात आमच्या घरची वाटी होती. पाळी आली तशी नंदीपुढं वाकले, वाटी फळीवर रिकामी केली आणि पाया पडले.

दोर ओढला, आणि नंदी सुळ्ळकन वर सरकला. वरून कुणीतरी ओरडलं, "हलका झाला रं! देव पावला!" सगळे हसायला लागले, हलगी आणखी जोरात वाजली.

मी तिथंच थिजले. हलका कसा होईल? दगड तोच, वजन तेच. फक्त अडवणारा बाण गेला होता. आणि अडवणारा गेला म्हणजे सांभाळणाराही गेला. तेल चौकटीखालून ओघळून अज्जांच्या पायापर्यंत आलं होतं. मी फळी उचलून बघितली होती ती कोरडी. जन्मापासून बघत आलेली रीत, माझ्या हातात वाटी, आणि माझ्या टाळक्यात ते आलंच नाही!

"इसावा घ्या रं!" वरून हाक आली. गड्यांनी दोर सैल सोडला. का नाही सोडणार? मीच सांगितलं होतं.

नंदी मागं आला. वीतभरच, पण आला. अज्जांची कोपरं दुमडली.

"दोर सोडू नका! ताणून धरा!" मी एवढ्या जोरानं किंचाळले की हलगी बंद पडली. गड्यांनी दोर आवळला, नंदी थांबला. मी अज्जांपाशी धावले. "अज्जा, बाजूला व्हा."

"वरडू नगं," अज्जा म्हणाले. मान वळवली नाही, हात काढले नाहीत. "तूच म्हणालीस न्हवं, मागं येत न्हाय म्हणून?"

सगळं गाव बघत होतं. मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण वर गड्यांचे हात कापत होते.

"माझं चुकलं, अज्जा. मी कोरड्या फळीचं गणित केलं होतं. तेल पडल्यावर तो मागं येतोय. हात काढा."

पप्पा धावत आले, त्यांनी अज्जांचा दंड धरला. अज्जांनी तो झटकला. मग त्यांनी पायाचा अंगठा फळीवर टेकवला आणि जरा घासून बघितला. अंगठा सरकला. अज्जांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि दोन्ही हात नंदीच्या पाठीवरून काढून घेतले. वर्षभर मनात धरलेला बोल त्यांनी मोडला, माझ्या एका शब्दावर. मला रडूच फुटलं.

ते फळीवरून उतरून माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. अख्ख्या गावादेखत मला काय म्हणतील, याची भीती वाटत होती.

"मंग आता कुठं उभारू?" त्यांनी विचारलं. "तू सांग."

मी नुसतं वर चौथऱ्याकडं बोट केलं, दोराच्या अगदी शेवटच्या टोकाकडं. अज्जा बाजूच्या पायऱ्या चढून तिथं गेले, दोर हातात घेतला आणि माझ्याकडं बघत उभारले. त्यांचं बघून बाकीचेही माझ्याकडं बघायला लागले. मी "वढा" म्हणेपर्यंत कुणीच ओढलं नाही.