फुंकरीचा ताप

मित्रांनो, मी एक जुनी डुकरीण आहे. फलटणजवळच्या वस्तीवर सुलाबाईंकडे राहते. त्या मला गोदी म्हणतात. माझा जन्म मात्र सांगलीचा. तरुणपणी मी अशी काही शिंकायची, की तिकडे कोयनानगरची माणसं भूकंप समजून घराबाहेर पळत. खोटं वाटत असेल तर तिथल्या उंदरांना विचारा.

आजवर मला बासष्ट पिल्लं झाली. "माझी गोदी म्हंजी लक्षुमी हाय," असं सुलाबाई ज्याला त्याला सांगत. पण गेल्या हिवाळ्यात वस्तीवर तापाची साथ आली, मी आणि माझी पिल्लंही खोकू लागलो आणि शेजारचे जोतीराम दारात येऊन गरजले, "सुलाकाकू, ह्यो डुकरांचा ताप हाय! सोमवारपातुर हलवा ही, न्हाई तर आमी मारून टाकतो."

माझं काय चुकलं, तेच मला कळेना.

जनावरांच्या डॉक्टर प्रांजल आमच्या नाकात कापसाची काडी फिरवून गेल्या होत्या. रविवारी त्या तपासणीचा कागद घेऊन आल्या.

"या तापाच्या विषाणूत जनुकांचे आठ तुकडे असतात. पाखराचा विषाणू आणि माणसाचा विषाणू एकाच वेळी डुकरात शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होऊ शकतो. पण गोदीत सापडलेले आठही तुकडे माणसांतल्या तापाचे आहेत. माणसाकडूनच हिला ताप आलाय."

मी आणखीच गोंधळले. आठ तुकडे माझ्या नाकात, आणि त्यातला एकही माझा नाही!

जोतीराम म्हणाले, "आवं बाई, माणूस कशाला डुकराच्या तोंडाला तोंड लावंल?"

सुलाबाईंनी कपाळावर हात मारला. "मीच गं बाई! पिल्लू दूध पीना, म्हून भंडारा लावला अन् त्याच्या नाकावर तीनदा फुंकर घातली. रीतच हाय आमची. तवा मी खोकत हुते." मग त्या गर्रकन वळल्या. "अन् जोतीराम, तो खोकला मला तुझ्याच पोरीच्या साखरपुड्यात लागला रं!"

सोमवारी कुणी काठी घेऊन आलं नाही. मंगळवारी जोतीराम एकटेच आले, पिल्लांकडे बघून ओशाळं हसले आणि जोरात शिंकले.

"लांब हो, गड्या!" सुलाबाई पदर नाकाला लावून ओरडल्या. "माझ्या लेकरांस्नी लागंल!"

मित्रांनो, माया जरूर करा. पण पडसं झालं असेल, तर फुंकर घरीच ठेवा. आम्हांला साधा रुमालसुद्धा धरता येत नाही.