वाढलेली पायरी

मित्रांनो, उदगीरच्या एका डाळमिलमध्ये गोदामाच्या दाराशी सहा पायऱ्यांची एक बुटकी शिडी उभी असते. ती मी. आता माझ्यावर चढून फार तर कोपऱ्यातली जळमटं काढता येतात. पण एके काळी मला चौदा पायऱ्या होत्या आणि मी थेट छताजवळच्या मोठ्या चाकापर्यंत पोचत होते. उरलेल्या आठ कुठे गेल्या ते सांगते. वाईट वाटून घेऊ नका, मला स्वतःला त्याचं समाधानच आहे.

निलंग्याच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. मिलचे मालक बसवंतअप्पा मला घेऊन आले, तेव्हा त्यांनी माझ्या पहिल्या पायरीला विभूती लावली. वरच्या चाकाला रोज तेल घालायचं काम मडिवाळप्पांचं होतं. तेलाची बुधली घेऊन चढताना ते मला आधी हात लावून नमस्कार करायचे आणि उतरताना आपल्या फडक्याने पुसायचे. शिडीला यापेक्षा आणखी काय हवं?

अप्पा मनाने चांगले, देवभोळे. त्यांची खोड एकच. मिलमध्ये अशुभ शब्द त्यांना चालत नसे. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अप्पांच्या मिलमध्ये मात्र सगळंच वाढत असे. दोरी वाढे, फावड्याचा दांडा वाढे, एकदा तर व्यंकटी मुकादमांचा चष्मासुद्धा वाढला होता. 'तुटलं' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

नाही म्हणायला एकदा केवळाबाई म्हणाली होती. ती मिलची झाडलोट करायची. अप्पांनी दिवा लावला होता, तेवढ्यात ती सरळ बोलून गेली, "अप्पा, चाळण फाटली." नेमकी त्याच दुपारी मोटार बंद पडली. "तुझ्याच तोंडानं झालं," असं म्हणून अप्पांनी तिला चार दिवस घरी बसवलं. चाळण खरोखर फाटली होती, ही गोष्ट सगळेच विसरले.

मागल्या वर्षी भादव्यात माझ्या सातव्या पायरीला खालच्या अंगाने तडा गेला. वरून तेलाचा काळा थर होता, त्यामुळे चढणाऱ्याला काही दिसत नसे. मला मात्र तो आत सरकताना कळत होता. लाकडाला तोंड नसतं, याचं दुःख मला तेव्हाच पहिल्यांदा झालं. केवळाबाई सांडलेली तूर झाडायला माझ्याखाली वाकली आणि तिने वर पाहिलं.

"मुकादम, सातवी पायरी तुटाया आलीय. अप्पास्नी सांगा," ती म्हणाली.

"सकाळच्या पारी तुटलं म्हणून सांगू व्हय? मला बी घरी बसवायचं हाय का?"

तरी व्यंकटी गेले, बिचारे. अप्पा फोनवर बोलत होते. व्यंकटी हात बांधून म्हणाले, "अप्पा, शिडीची सातवी पायरी वाढली."

"बरं झालं," अप्पा म्हणाले. "मडिवाळप्पाचा पाय लई ताणत होता." फोनच्या नादात त्यांना वाटलं, शिडीला एक पायरी जास्तीची बसली, आणि ते पुन्हा बोलू लागले. व्यंकटी मोकळे होऊन परत आले, कारण त्यांच्या मते त्यांनी सांगितलं होतं.

त्यानंतर मिलमधला प्रत्येक जण सातवी गाळून चढायला शिकला. सहावीवरून एकदम आठवीवर. मडिवाळप्पांचे गुडघे कुरकुरायचे, पण तोंड कुरकुरत नसे. ठाऊक नव्हतं ते फक्त अप्पांना. ते वर्षातून एकदाच माझ्यावर चढत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, तेव्हा वरच्या चाकाला माळ त्यांच्याच हातची लागे.

तो दिवस उजाडला. यंत्रं धुऊनपुसून झाली, पूजेला स्वामी आले, पाहुणे जमले. अप्पा नवं धोतर नेसून, झेंडूची माळ खांद्यावर टाकून चढू लागले. खाली यंत्राचा लोखंडी कट्टा होता. व्यंकटी जमिनीकडे बघत राहिले. मडिवाळप्पांचे ओठ नुसते हलले. मी किरकिरले, पण शिडी किरकिरली तर कोण लक्ष देतं? दाराजवळ केवळाबाई खराटा धरून उभी होती. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर तो शब्द काढला की काम गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अप्पांचा पाय पाचवीवर पडला.

"अप्पा, थांबा. सातवी पायरी तुटलीय."

स्वामींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. अप्पा वळले. "आजच्या दिवशी हा शब्द काढलास?"

"व्हय, काढला. आधी खाली उतरा, मग मला घरी धाडा."

अप्पा रागारागाने उतरले. मडिवाळप्पा पुढे झाले, पाचवीपर्यंत चढले आणि हातातला पाना त्यांनी सातवीवर हलकेच आपटला. तिचे दोन तुकडे खालच्या लोखंडावर खणकन पडले.

अप्पांनी वाकून ते तुकडे उचलले. मग हळूच म्हणाले, "कुणाकुणाला ठावं होतं?" त्यांनी मुकादमांकडे पाहिलं. "व्यंकटी?"

"म्या सांगितलं होतं, अप्पा. वाढली म्हणालो होतो."

"आन मी काय म्हणालो?"

"बरं झालं म्हणालात."

अप्पा माझ्या पहिल्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने ते उठले आणि ती माळ त्यांनी केवळाबाईच्या खराट्याला घातली. त्या वर्षी पूजा तिथूनच सुरू झाली.

आता चाकापर्यंत कठड्याचा लोखंडी जिना आहे. मला सहावीच्या वर कापलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोज दिवा लावला की अप्पा स्वतःच विचारतात, "काय तुटलंय आज?" पहिला महिनाभर कुणाची जीभ वळेना. वर्षानुवर्षं बांधलेली जीभ अशी एका दिवसात सुटत नाही.

मित्रांनो, खाली वाकून झाडणाऱ्याला वरचे तडे आधी दिसतात. तो सांगायला आला तर त्याच्या तोंडाला दोष देऊ नका. आणि तुम्हालाच तडा दिसला, तर 'वाढला' म्हणू नका.

कालच केवळाबाई म्हणाली, "अप्पा, ह्या बुटकीचा एक पाय डुगडुगाया लागलाय." अप्पांनी स्वतः वाकून पाहिलं आणि पाचर ठोकून घेतली. मी तुटतेय हे कुणीतरी मोठ्याने म्हणालं, म्हणून मी अजून उभी आहे.