फुंकलेलं मॉड्यूल

अजहरच्या घरी नवी वस्तू फुंकल्याशिवाय वापरात येत नसे. त्याची अम्मी गुलनारबी तो परीक्षेला निघाला की दुआ पुटपुटून डोक्यावर फुंकायची, आणि मृगात कपाशी टोबायच्या आधी बियाण्याच्या पाकिटावरही. पाकीट महागड्या बीटीचं असो की घरची सरकी, तिच्या लेखी दोन्ही सारखीच. धामणगाव बढ्यात तिला यावरून चिडवणारे पुष्कळ होते. लेकरू तापानं फणफणलं की तेच लोक त्याला उचलून तिच्या दारात आणत.

असा हा अजहर बुलढाण्यातल्या एका डेटा सेंटरात लागला. नाव मोठं, जागा दोन खोल्यांची. बाराही महिने एसी आणि कपाटांतून भणभणणारी यंत्रं. त्याला काम शिकवलं ते जानेफळच्या आल्हादनं. आल्हाद तिथला मुख्य तंत्रज्ञ. बुलढाण्यात आईला घेऊन भाड्यानं राहायचा. त्याची आई शारदाबाई डब्यात अजहरच्या वाटणीच्या पोळ्या न विसरता घालायची.

आल्हादचा सगळा जीव मॉड्यूलांत. बोटभर लांबीचे हे धातूचे तुकडे यंत्रातली माहिती उजेडात बदलून काचेच्या तारेत सोडतात. "निळी कडी म्हंजे लांबचा पल्ला, तिले पिवळी तार," तो शिकवायचा. "काळी कडी म्हंजे खोलीतल्या खोलीत. कडेनं धरायचं, तोंडात डोकावायचं नाही, डोळे जातीन. अन् तोंडावरची टोपी काढली की पह्यले पुसायचं, मंगच लावायचं. टोपी काढून गप्पा हाणत बसायच्या नाहीत, काय बे?" अजहरनं हे पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

त्या साली बीटी कपाशीतही गुलाबी अळी शिरली. बोंड वरून टपोरं, फोडावं तर आत किडलेलं. नुकसानीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, आणि मोताळ्याकडचे, म्हणजे अजहरच्या गावचेही, सगळे अर्ज याच दोन खोल्यांतून पुढे जायचे. नेमकं शेवटच्या दिवशी सकाळी एक मॉड्यूल गेलं. आल्हाद फोनवर अडकला होता. त्यानं मानेनंच खुणावलं, लाव तू.

पहिल्यांदाच एकट्याच्या हातात काम आलं होतं. अजहरनं ड्रॉवरमधून निळ्या कडीचं मॉड्यूल अचूक काढलं, पिवळी तार हेरली, टोप्या काढल्या. पुसायची कांडी शेजारीच पडली होती. पण हातात नवी वस्तू आली आणि जिभेवर आपसूक बिस्मिल्ला आलं. त्यानं मॉड्यूलच्या तोंडावर फुंकलं, तारेच्या टोकावर फुंकलं आणि खोचून दिलं. हिरवा दिवा लागला तेव्हा गडी असा काही खूश झाला की कांडीची आठवणही राहिली नाही.

दुपारी तार रुसली. जोडणी घडीत यायची, घडीत जायची.

"पुसूनच लावलं होतं ना बे?" आल्हादनं विचारलं.

"हाव," अजहर म्हणाला.

आल्हादनं त्या एका होकारावर भरवसा ठेवला आणि त्या मॉड्यूलकडे पुन्हा पाहिलंच नाही. बाकी सगळं तपासलं. यंत्रं बंद करून चालू केली, पलीकडच्या टोकाच्या माणसाला पिडलं, कुठं रस्ता खोदलाय का ते पाहून आला. अजहर त्याच्या मागे मागे हिंडत होता. सांगून टाकावं असं दर वेळी त्याच्या ओठांवर यायचं, आणि आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणतील, म्हणून तो गिळायचा. संध्याकाळी मुदत संपली. गावात नौशादच्या ऑनलाइन सेंटरसमोर दिवसभर रांगेत उभे असलेले लोक कागद कनवटीला लावून घरी गेले. त्यांत गुलनारबीही होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून कंपनीच्या रेवती मॅडम आल्या. त्यांनी तारेचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पडद्यावर काच दिसली आणि तिच्यावर वाळलेल्या थेंबांचे डाग.

"हे पुसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कोणीतरी तोंडानं फुंकलंय. वाफेचे डाग आहेत हे. कोणी लावलं?"

आल्हादनं अजहरकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो नुसता वाट पाहत होता. अजहरनं फरशीकडे पाहिलं.

"ड्यूटी माझी होती," शेवटी आल्हादच म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आल्हादला कंपनीनं घरी बसवलं, तो आईला घेऊन जानेफळला परत गेला, आणि त्याची खुर्ची अजहरला मिळाली. त्या खुर्चीत अजहरला बसवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की शारदाबाईच्या पोळ्या आठवत. शरमेनं तो आतल्या आत कुरतडला जात होता.

बढतीची बातमी ऐकून अम्मीनं शेवया केल्या. अजहरनं वाटी बाजूला सारली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे माह्या फुंकीनं बिघडलं?" गुलनारबीनं विचारलं.

"वाफ लागते अम्मी, काचेले."

"मंग लागली असंन. मले काय ठाव काचेचं! पन त्यानं पुसलं का म्हून इचारलं, तवा तू हाव काऊन म्हनला?"

गुलनारबीनं शेवयांची वाटी उचलून झाकून ठेवली.

"माहा अर्ज राह्यला, जाऊ दे. कपाशीची पराटी फिरून लावता येते. त्याची माय तुले पोळ्या देत होती ना? आता ते पोरगं तिच्या डोळ्यापुढं रिकामं बसून राह्यलं. तिले काय सांगशीन तू?"

सकाळी अजहर एसटीसाठी निघाला. आधी रेवती मॅडमना फोन, मग थेट जानेफळ, असं त्यानं ठरवलं होतं. दाराशी येऊन त्यानं सवयीनं मान खाली घातली. अम्मीनं डोक्यावर हात ठेवला, पण तिचे ओठ काही हलले नाहीत.

"पह्यले सांगून ये," ती म्हणाली. "मंग फुंकते."